आईच्या फोटोतला खुंट

माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव देनेत्सोसी. म्हणजे सडपातळ माणूस. नाव ठेवलं तेव्हा ते खरं असेलही. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून खोगीर हातात घेतलेलं पाहिलं की त्यांचा घोडा दुसरीकडे बघतो. ते अजून आहेत म्हणून नाव घेतलं. आईचं घेणार नाही. ती आता नाही, आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याला माघारी बोलवण्याइतका मी अजून चळलेलो नाही.

घरात आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. आई त्यांना "तो" म्हणायची, तेही भिंतीकडे तोंड करून. जावयाने सासूचं तोंड पाहायचं नाही आणि सासूने जावयाचं, पाहिलं तर डोळे जातात, हे आमच्यात पोरांना चालायला यायच्या आधी कळतं. आईचं होगन, म्हणजे लाकूड-मातीचं गोल घर, एका टोकाला, ग्लिनाबाताई आणि दाजींचं दुसऱ्या टोकाला, मध्ये मेंढ्यांचं कुंपण. आई कमरेला छोटी पितळी घंटा बांधून हिंडायची. घंटा वाजली की दाजी हातात असेल ते टाकून दिसेनासे व्हायचे. एकदा हातात नाल ठोकायला उचललेला घोड्याचा पाय होता. तोही टाकला.

असा त्यांचा संसार चालला होता. माझ्या मते फार चांगला. सासू-जावयाचं भांडण मी आमच्याकडे कधी ऐकलं नाही.

दाजी फोटो काढायचे. हे त्यांना लागलं ते एका गोऱ्या माणसामुळे. तो दर उन्हाळ्यात घोडागाडी घेऊन यायचा, डोक्यावरून काळं फडकं घेऊन कॅमेऱ्यात तोंड खुपसायचा, म्हणून त्याचं नाव काळं फडकं. माणूस वाईट नव्हता, येताना कॉफी आणायचा. पण आमच्यातलं त्याला नेमकं काय हवं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. होगनात शिरला की आधी गजराचं घड्याळ उचलून बाहेर ठेवायचा. मग शिवणयंत्र. मग कॉफीचा डबा, तो त्यानेच आणलेला असला तरी. आमच्या विजारी काढायला लावायचा आणि स्वतःच्या पेटीतून कुणा भलत्याच लोकांचे कातडी कपडे काढून द्यायचा. ऊन उतरलं की सगळ्यांना घोड्यांवर बसवून दूर डोंगराकडे जायला सांगायचा. आम्ही जायचो. "पुन्हा," तो ओरडायचा. आम्ही परत यायचो आणि पुन्हा जायचो. परत येतानाचा फोटो त्याने एकदाही काढला नाही.

दाजी त्याचं सामान वाहायचे. एका वर्षी खेचराने कॅमेरा खडकावर आपटला, त्याचा घडीचा कातडी भाता फाटला, आणि काळं फडकं कॅमेरा तिथेच टाकून निघून गेलं. दाजींनी भात्याला करडाच्या कातड्याचं ठिगळ लावलं. तेव्हापासून पावसाळी हवेत त्या कॅमेऱ्याला शेळीचा वास यायचा, पण फोटो येऊ लागले. व्यापाऱ्याच्या दुकानामागची खोपटी त्यांनी, फोटो ज्यांच्यावर उमटतो त्या काचा धुवायला मिळवली. मग मुलखातून माणसं येऊ लागली, आणि येताना घड्याळ घेऊन. काळ्या फडक्याने घराबाहेर काढलेलं सगळं दाजींच्या फोटोत पुढे असायचं. घड्याळ, शिवणयंत्र, कॉफीचा डबा, आणि त्यामागे जागा उरली तर माणसं. एक म्हातारी तर जुळी दिलेल्या शेळीला घेऊन आली आणि म्हणाली, मी नसले तरी चालेल.

सगळ्या मुलखाचे फोटो दाजींनी काढले. दोन माणसांचे नाहीत. एक आईचा, कारण उघड आहे. दुसरा स्वतःचा, कारण कॅमेऱ्यामागे उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं आणि माझ्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

मग लढाई लागली आणि आमचा धाकटा, होस्की, सैन्यात गेला. एका वसंतात आमच्या कुळातला एत्सिटी नावाचा पोरगा रजेवर आला. तो होस्कीच्याच छावणीत होता. आईच्या होगनात बसून त्याने आधी रस्सा खाल्ला, मग तळलेली भाकरी खाल्ली, मग ताईच्या वाटणीची भाकरी खाल्ली, आणि मग म्हणाला, "होस्कीने सांगितलंय, आईचा फोटो पाठवा."

"फोटो कशाला त्याला?" ताई म्हणाली.

"तिथे सगळ्यांच्या खाटेशी आपापल्या आईचा फोटो आहे. होस्कीकडे नुसती पाठ आहे."

"कसली पाठ?"

"आईची. जाताना स्टेशनवर चित्रांची कार्डं विकायला होती. त्यात एक बाई मेंढ्यांमागे चाललीय, पाठमोरी, पलीकडे ऊन उतरतंय. लंगडी मेंढी दिसली त्याला, तिच्यावरून ओळखलं. त्या काळ्या फडक्याने काढलेलं. खाली छापलंय, हे लोक आता संपत आले."

आईने विस्तव सारखा केला. "मी मेंढ्या पाण्यावर नेत होते," ती म्हणाली. "घटकाभराने परत आले."

"ते नाही छापलेलं," एत्सिटी म्हणाला. "आता आम्हाला समुद्रापार धाडणार. होस्की म्हणतो, पाठ घेऊन जायचं नाही मला, तोंड द्या. मी परवा दुकानाच्या ट्रकने निघतो. तेव्हा हातात पाहिजे."

फोटो काढणारा माणूस सगळ्या मुलखात एक होता, आणि तो त्या वेळी होगनाच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून लाकडं फोडत असल्यासारखं करत होता. कुऱ्हाड कधीची थांबली होती.

आई भिंतीकडे तोंड करून ताईला म्हणाली, "त्याला सांग, फोटो गेलाच पाहिजे. आणि हेही सांग, त्याने माझ्याकडे बघायचं नाही नि मी त्याच्याकडे नाही. पोरगं तिकडे गोळ्यांत चाललंय. इकडे आपण रीत मोडायची, आणि ते जाऊन त्याच्या अंगावर पडायचं. मग फोटो बघायला कोण राहील?"

दाजींना हे सांगायची गरज नव्हती, भिंत काही एवढी जाड नाही. तरी ताईने बाहेर जाऊन सगळं सांगितलं. रीत ती रीत.

"तिला सांग," बाहेरून दाजी म्हणाले, "काच एकच उरलीय. लढाईमुळे दुकानात येत नाहीत. चुकली तर संपलं."

"मग काढणार कोण?" ताई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. एत्सिटीनेही बघितलं. आईनेही.

बाहेर कुऱ्हाड खाली ठेवल्याचा आवाज झाला. "दुसरं कुणीच नाही का?" दाजींनी विचारलं. "शेळीला शिकवलं असतं मी."

दुसरा दिवस माझ्या शिक्षणात गेला. दाजी चिडले की मला अहो-जाहो करतात. सकाळी मी "अरे गाढवा" होतो. दुपारपर्यंत "मेव्हणे, आपण" झालो होतो. समोर कुत्र्याला बसवून काचेविना रिकाम्या चौकटीवर मी त्याचे फोटो काढत होतो. चौकट खोचायची, तिची झाकणपट्टी वर ओढायची, रबरी फुगा दाबायचा, पट्टी परत घालायची. एवढंच होतं. पण फुगा हातात आला की मला घाम फुटायचा.

"मेव्हणे, तो दाबायचाय," दाजी म्हणाले. "आपण दूध काढताय."

"हळूच दाबला की."

"कुत्र्याला विचारा. तो कधीच उठून गेलाय."

ते खरं होतं. पण संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून दाजी म्हणाले, "हे बघ, होस्कीचा आहे हा फोटो. माझा नाही, तुझा नाही." मग हात काढला, कारण असलं बोलायची त्यांना सवय नाही.

बेत असा ठरला. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून कॅमेरा आईच्या होगनाच्या अंगाला आणि आईने त्याच्याकडे, म्हणजे पूर्वेला, तोंड करून खोक्यावर बसायचं. आईच्या जागी आधी ताई बसेल. दाजी तिच्यावर भिंग जुळवतील, मग मागे वळून दुकानाच्या वाटेने दिसेनासे होतील. ते गेले की ताई आईला घेऊन येईल. पुढचं माझ्या हातात.

बेत चांगला होता. त्यात फक्त आई कशी आहे याचा विचार नव्हता. आईने पहाटेच यक्काच्या फेसाळ मुळाने केस धुतले होते, ताईकडून अंबाडा बांधून घेतला होता, मखमली झगा घातला होता, होतं नव्हतं ते निळ्या खड्यांचं सगळं अंगावर चढवलं होतं, आणि आता ती वाट बघत होती. वाट बघणं तिला कधी जमलं नाही.

दाजी काळ्या फडक्यातून बाहेर आले. ताईची मान जरा कलती करायला ते पुढे खोक्यापाशी गेले. तेवढ्यात माझ्या मागे घंटा वाजली.

आता बघा. मागे, पूर्वेला, आई. तीच दुकानाची वाट. एका बाजूला मेंढ्या, दुसऱ्या बाजूला ओढ्याची दरड. उघडी होती ती फक्त पश्चिम, आणि पश्चिमेला आमच्याकडे काही नाही. गुडघ्याएवढी झुडपं आणि लाल माती, पार पठारापर्यंत. दाजी पश्चिमेला धावले. त्या देहाला एवढ्या वेगात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ते कुठवर पोचले ते मला माहीत नाही, कारण माझ्या हातात ती एकुलती काच होती आणि मी तिच्याखेरीज कशाकडे बघायला तयार नव्हतो.

आईने शाल चेहऱ्यावर ओढली होती. ताईने तिला हाताला धरून आणलं, खोक्यावर बसवलं आणि शाल उतरवली.

"हसू का?" आईने विचारलं.

"दाजींनी सांगितलंय, हलायचं नाही."

"हसणं म्हणजे हलणं का?"

"विचारून येऊ?"

"नको, नको."

आई हसली नाही. ताठ बसली, हात मांडीवर, नजर सरळ भिंगात. आत होस्की बसलाय आणि त्याने जेवलो नाही म्हणून सांगितलंय, अशी नजर होती. मी फुगा दाबला. दाबला, दूध काढलं नाही. पट्टी घातली. चौकट छातीशी धरून मी खोपटीकडे निघालो.

काच धुतानाही दाजींना बघता येणार नव्हतं. आम्ही खोपटीत, ताई आणि मी, लाल काचेचा कंदील लावून. दाजी बाहेर, दाराला कान लावून.

"आता पहिल्या औषधात घाल. ताटली हलवत राहा. काय दिसतंय?"

"काही नाही."

"हलव. आता?"

"काळं झालं."

"कसलं काळं?"

"कॉफीसारखं."

"आपल्या कॉफीसारखं की दुकानातल्या?"

मी नीट बघितलं. "दुकानातल्या."

"अजून हलव मग."

हळूहळू सगळं उमटलं. काचेवर उलटंच असतं ते, चेहरा काळा, केस पांढरे, खडे काळे. पण आईच होती. ताईने ताटली माझ्या हातून घेतली.

"तोंड आलं का?" दाजींनी विचारलं.

"आलं," ताई म्हणाली.

मग दाजी, अगदी हवापाण्याचं विचारावं तसं, म्हणाले, "कशी दिसते गं?"

इतकी वर्षं त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. ताईने ताटली हलवणं थांबवलं. "घंटेवरून वाटते तशीच आहे," ती म्हणाली.

"मग चांगलीच असणार," दाजी म्हणाले. "आणखी काय आलंय चौकटीत?"

"खोकं," मी म्हणालो. "थोडं कुंपण. आणि मागे लांब एक खुंट."

"खुंट? तिथे खुंट नाही."

"आहे. आईच्या खांद्याच्या वर. नखाएवढा."

"मी काल सगळी जागा बघून चौकट बांधलीय. खुंट असता तर मी कॅमेरा हलवला असता."

"दाजी, बघतोय कोण? तुम्ही की मी?"

"आपणच बघताय, मेव्हणे," दाजी म्हणाले. "म्हणूनच काळजी वाटते."

उन्हात कागदावर छाप काढला, ताईने तो पत्र्याच्या डबीत घातला, ट्रक दुकानासमोर उभा होता, एत्सिटी चढून बसला आणि फोटो गेला. दुसऱ्या दिवसापासून दाजी खुंट शोधायला लागले.

हे मी वाढवून सांगत नाही. होस्की समुद्रापार होता तोवर दाजी जाता-येता पश्चिमेच्या त्या मोकळ्या जागेत थांबायचे आणि बुटाने माती उकरायचे. "कुणी तोडून नेला असेल," मी म्हणायचो. "मुळं तर राहतील?" ते म्हणायचे. काचेवर बघता येईना, तिच्यावर आई होती. ताईने ती फडक्यात गुंडाळून ठेवली होती. आपल्या हातून वाकडी चौकट बांधली गेली आणि ती पोराच्या खाटेशी टांगलीय, हे त्यांना खात होतं. आईला दुसरं खात होतं. ती रोज पहाटे मक्याचं पीठ हातात घेऊन, पूर्वेला तोंड करून, पोरासाठी मागणं मागत उभी राहायची, आणि परत आली की ताईला विचारायची, "त्याने बघितलं तर नाही ना त्या दिवशी?" ताई म्हणायची, नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

होस्की परत आला. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे घेऊन. आई त्याला मोजत बसली आणि मग इतकी रडली की कुत्री घाबरली. शत्रूच्या मुलखातलं जे अंगाला चिकटून येतं ते गाऊन उतरवावं लागतं. आमच्याकडचे गाणारे आजोबा, त्यांनी ते उतरवलं. ते सगळं झाल्यावर एका दुपारी आम्ही आईच्या होगनात बसलो होतो. दाजी नेहमीसारखे बाहेर भिंतीला टेकून. होस्कीने खिशातून फोटो काढला. कडा झिजल्या होत्या, पाण्याचा डाग होता.

"छान आला होता," होस्की म्हणाला.

बाहेरून दाजींना राहवलं नाही. "त्या खुंटाबद्दल माफ कर हं. मेव्हण्याच्या हातात कॅमेरा दिला की असंच होणार."

"कुठला खुंट?"

"आईच्या खांद्यावरचा," मी म्हणालो. "तो बघ."

होस्कीने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा खुंट आहे?" तो म्हणाला. "दाजी आहेत हे. पाठ करून बसलेत, टोपी खाली ओढून. या पाठीमागे बसून मी घोडा शिकलो. आंधळासुद्धा ओळखेल."

मी फोटो हातात घेतला. खुंटाला टोपी होती. टोपीखाली, आता सांगितल्यावर, जगात दुसऱ्या कुणाचीच नसावी अशी रुंद पाठ होती. पुढे आई, तोंड आमच्याकडे. मागे दाजी, तोंड पठाराकडे. दोघं पाठीला पाठ लावून, मध्ये एवढी मोठी मोकळी जमीन.

"तिकडची पोरं विचारायची, हा मागे रुसून कोण बसलाय?" होस्की म्हणाला. "मी म्हणायचो, रुसलेले नाहीत, आमचे दाजी आहेत. बॉम्ब पडायचे तेव्हा मी आईकडे नाही, दाजींकडे बघायचो. म्हणायचो, दाजी अजून पाठ करून बसलेत. म्हणजे घरी सगळं जागच्या जागी आहे."

बाहेर दाजींनी घसा साफ केला. "मी आलोय फोटोत?"

"आलाय."

"कसा आलोय?"

"पाठ आलीय," मी म्हणालो.

"पाठ बरी आलीय का?"

"पूर्ण मावलीय, हेच पुष्कळ."

दाजी यावर काही बोलले नाहीत, तेव्हा मला कळलं की ते खरंच विचारत होते. त्यांचा जन्मातला एकच फोटो, आणि त्यावर ज्या बाईकडे त्यांनी बघायचं नाही ती बसलेली. होस्कीलाही ते कळलं असावं. त्याने चाकू काढला. "थांबा, दाजी. तुमच्यापुरता तुकडा कापून देतो. आई इकडे राहील, तुम्हाला तुमची पाठ."

"कापू नका," आई म्हणाली.

ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती, पण आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "त्याला सांग, माझ्या पोराला सांभाळून आणलंय त्याने. बसलाय तिथे बसू दे."

ताई उठली आणि सांगायला बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "बरं म्हणालेत," तिने सांगितलं.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिची चांदी, तिचं खोगीर तिच्याबरोबर मातीत गेलं. घंटाही. गेलेल्या माणसाचा फोटो घरात ठेवायचा नसतो, म्हणून होस्कीने तोही आणला. गाणाऱ्या आजोबांनी तो हातात घेतला, खूप जवळ धरून बघितला आणि म्हणाले, "यात जिवंत माणूस आहे. जिवंत माणसाला मातीत घालत नाहीत. कापा."

आमच्यात याहून भीतीची गोष्ट फारशी नाही. होस्कीने चाकू काढला. दाजी लांब कुंपणापाशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते, कारण ती गेली तरी बघायचं नव्हतंच.

"कापू नका," ते तिथूनच म्हणाले. "त्या नको म्हणाल्या होत्या."

"तुझ्या अंगावर येईल," आजोबा म्हणाले. "डोळ्यांवर येईल."

"येऊ दे. त्या सोडून सगळं बघून झालंय माझं."

फोटो तसाच गेला. ताईने फडक्यातली ती काचही गरम पाण्याने घासून कोरी केली.

दाजी आता माझ्याहूनही म्हातारे झालेत आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात, हे ते मला दर भेटीत करून दाखवतात. कॅमेरा होस्कीच्या पोरींकडे आहे, अजून शेळीचा वास मारतो. आमच्या बोकडाच्या गळ्यात एक घंटा आहे. ती वाजली की दाजी हातातलं काम खाली ठेवतात, पश्चिमेला वळून उभे राहतात, आणि थोड्या वेळाने त्यांना आठवतं.